युद्धपटांतील लष्करी प्रशिक्षण आणि रंगरुटाचे माणूसपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे अमळनेरहून चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तापीच्या पुलाच्या दिशेने, सोळाशे मीटरची वेळ कमी करण्यासाठी पळणारी मुले वर्षभर दिसतात. त्यांतली बरीच मुले आणि त्यांचे आईवडील आमच्या वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातून एकदा लावल्या जाणाऱ्या युद्धपटांना येतात. चित्रपट संपल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून ती येथे लिहिली आहेत. ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत, त्यांना काही कथानके आधीच कळतील, याची कल्पना असू द्यावी.

प्रशिक्षण रंगरुटाचे माणूसपण हिरावते, असे चित्रपट म्हणतात म्हणजे नेमके काय? कठोर शिस्त आणि ही गोष्ट एकच नव्हे का?

एकच नव्हे, आणि चांगले चित्रपट हा फरक फार काळजीपूर्वक दाखवतात. दहा किलोमीटर पळवणे, पाठीवर पिठ्ठू देऊन डोंगर चढवणे, चिखलातून कोपरांवर सरपटायला लावणे हे सगळे शरीराला शिकवणे आहे, आणि शेतात राबलेल्या मुलाला त्यात विशेष अपमान वाटत नाही. दुसरी प्रक्रिया वेगळी असते. तिच्यात मुलाचे नाव काढून त्याला टोपणनाव किंवा नंबर दिला जातो, त्याचे कपडे, केस, एकांत आणि झोप काढून घेतली जाते, त्याच्या आईबहिणीवरून बोलले जाते, आणि ‘तू आतापर्यंत जो होतास तो कोणीच नव्हतास’ हे त्याला दिवसरात्र ऐकवले जाते. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६१ साली मनोरुग्णालये, तुरुंग, मठ आणि लष्करी बराकी यांचा एकत्र विचार केला होता. अशा बंदिस्त संस्थांत शिरताना माणसाची जुनी ओळख ठरावीक विधींनी कशी उतरवली जाते, हे त्याने दाखवून दिले.

युद्धपटांचा मुख्य दावा याच्या एक पाऊल पुढचा आहे. ज्याला स्वतःला माणूस म्हणून वागवले गेले नाही, त्याला समोरचा माणूस दिसेनासा करणे सोपे जाते, आणि म्हणून पहिले काम हे दुसऱ्या कामाची तयारी असते, असे हे चित्रपट सांगतात. हा दावा सर्वच प्रशिक्षणाला लागू आहे, असे मी म्हणणार नाही. पण तो खोटा ठरवणेही मला जमलेले नाही.

जवळजवळ प्रत्येक चित्रपटात केस कापण्याचे दृश्य का असते?

कारण ती गोष्ट शब्दांशिवाय सांगता येते. स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) असाच सुरू होतो. एकामागून एक तरुण खुर्चीत बसलेले आहेत, मशीन डोक्यावरून फिरते आहे, आणि मागे एक संथ, जवळजवळ प्रेमळ गाणे चालू आहे. कोणी बोलत नाही. कोणाचे कुरळे केस, कोणाचे कपाळावर आलेले सोनेरी केस, सगळे जमिनीवर एका ढिगात पडते, आणि दृश्य संपते तेव्हा त्या ढिगातले कोणाचे कोणते हे सांगता येत नाही. आपल्याकडे वडील गेल्यावर मुलगा केस काढतो, त्यामुळे आमच्या सभागृहातल्या बायांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. चेहरे पाहूनच त्यांच्या मनात सुतकाची आठवण येते.

पहिल्या महायुद्धावरच्या, २०२२ च्या जर्मन ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये दिग्दर्शक एडवर्ड बर्गरने हीच गोष्ट गणवेशाच्या मार्गाने सांगितली आहे, आणि मला ती अधिक भेदक वाटते. आघाडीवर मेलेल्या सैनिकाचा कोट काढला जातो, रक्त धुतले जाते, मोठ्या शेडमध्ये बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाया गोळीची भोके शिवतात, आणि तोच कोट नव्याने भरती झालेल्या पाउलच्या हातात पडतो. आत दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी शिवलेली पाहून तो भाबडेपणाने सांगतो की हा कोट दुसऱ्या कोणाचा तरी दिसतो. कारकून चिठ्ठी टरकन फाडून टेबलाखाली टाकतो आणि कोट परत देतो. या चित्रपटात प्रशिक्षणाची जुनी प्रसिद्ध दृश्ये नाहीत. ती गाळून दिग्दर्शकाने काही गमावले, असे मात्र मला हा प्रसंग पाहिल्यावर वाटत नाही.

‘फुल मेटल जॅकेट’मधला उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, हार्टमन हाच खलनायक आहे ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागते.

अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण केंद्रावर हा चित्रपट पहिला पाऊण तास घालवतो. हार्टमनची भूमिका करणारे आर. ली एर्मी हे खरोखर मरीन दलातले माजी कवायत प्रशिक्षक होते. त्यांना आधी केवळ तांत्रिक सल्लागार म्हणून बोलावले होते; पण त्यांच्या शिव्यांचा ओघ पाहून क्युब्रिकने भूमिका त्यांनाच दिली. साहजिकच पडद्यावर हार्टमन इतका जिवंत आहे की प्रेक्षकाची नजर त्याच्यावरून हलत नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते. आमच्याकडची मुले चित्रपट संपल्यावर त्याच्या वाक्यांची नक्कल करतात. मी त्यांना सांगतो की पुढच्या वेळी उस्तादाकडे पाहू नका, रांगेत उभ्या असलेल्या इतरांकडे पाहा.

लिओनार्ड नावाचा एक स्थूल, भोळा मुलगा त्या रांगेत आहे. व्हिन्सेंट डी'ऑनोफ्रिओ या अभिनेत्याने या भूमिकेसाठी तीस किलोहून अधिक वजन वाढवले होते. हार्टमन त्याला गोमर पाइल हे टोपणनाव देतो. त्याला अडथळे चढता येत नाहीत, डावे-उजवे चुकते. सुरुवातीला जोकर हे टोपणनाव मिळालेला रंगरूट त्याला धीराने बुटाचे बंद बांधायला, बिछाना लावायला शिकवतो, आणि मुलगा सुधारतो. मग एके दिवशी त्याच्या पेटीत लपवलेला एक गोड पदार्थ सापडतो. येथून हार्टमन पद्धत बदलतो. यापुढे पाइलने चूक केली की शिक्षा त्याला मिळणार नाही, बाकी सर्वांना मिळेल. सगळी पलटण जमिनीवर जोर काढते आहे आणि मधोमध उभा राहून तो मुलगा हुकमाप्रमाणे तो पदार्थ चावतो आहे.

त्यानंतरची रात्र पाहा. दिवे गेले आहेत. मुले टॉवेलमध्ये साबणाच्या वड्या गुंडाळतात, पाइलला चादरीने पलंगाला दाबून धरतात, तोंडात बोळा कोंबतात, आणि एकेक जण येऊन मारून जातो. जोकर मागे थांबतो. सोबती त्याला पुढे व्हायला सांगतो. तो पुढे होतो आणि एकदा मारून थांबत नाही. पुन्हा पुन्हा मारतो. मग आपल्या पलंगावर जाऊन, पाइलचे रडणे ऐकू येऊ नये म्हणून, दोन्ही कान दाबून घेतो. त्या खोलीत त्या वेळी हार्टमन नाही.

माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच आहे. प्रशिक्षणाच्या शेवटच्या रात्री पाइल स्वच्छतागृहात भरलेली रायफल घेऊन बसतो, हार्टमनला आणि मग स्वतःला गोळी घालतो, ते दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहते. पण तोपर्यंत जे घडायचे ते घडून गेलेले असते. ज्याने बंद बांधायला शिकवले त्याच्याच हातून साबण चालवून घेणे, ही या पद्धतीची खरी करामत आहे. हार्टमन क्रूर आहे यात शंका नाही. मात्र त्याची क्रूरता इतरांच्या हातांत उतरते तेव्हाच तिचे काम पूर्ण होते, आणि हे दिसले नाही तर चित्रपट अर्धाच पाहिला असे होईल.

हे सगळे अमेरिकेपुरते, व्हिएतनामच्या काळापुरते नाही का?

नाही. ‘फुल मेटल जॅकेट’च्या जवळजवळ तीस वर्षे आधी जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशी यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ हा तीन भागांचा, एकूण साडेनऊ तासांहून मोठा चित्रपट केला (१९५९ ते १९६१). त्याच्या दुसऱ्या भागात मांचुरियातल्या जपानी छावणीत ओबारा नावाचा अशक्त, चष्मा लावणारा रंगरूट आहे. लांब पल्ल्याच्या कूचमध्ये तो कोसळतो. त्याची शिक्षा म्हणून जुने सैनिक त्याला वेश्येची नक्कल करायला लावतात आणि हसतात. त्याच रात्री तो शौचकूपात जाऊन रायफलने आत्महत्या करतो. पुढे नायक काजी जबाबदार असलेल्यांना शिक्षा व्हावी म्हणून वरिष्ठांकडे दाद मागतो, तेव्हा त्याला मिळणारी उत्तरे वाचलेली, ऐकलेली वाटतात : मुलगाच कमकुवत होता, घरची भांडणे होती, सैन्याचा काही दोष नाही.

कोबायाशी स्वतः सक्तीने सैन्यात घेतले गेले होते, मांचुरियात होते, आणि त्यांनी साध्या शिपायाच्या वरची बढती नाकारली होती. म्हणूनच या चित्रपटात थप्पड मारण्याआधी चष्मा काढायला लावणे यासारखे बारकावे येतात. ते ज्याने पाहिले आहे त्यालाच सुचतात.

दक्षिण कोरियाच्या ‘डी. पी.’ (२०२१) या मालिकेत सक्तीच्या सैनिकी सेवेतून पळून गेलेल्या मुलांना शोधणाऱ्या शिपायांची गोष्ट आहे, आणि प्रत्येक पळून जाण्यामागे बराकीतला छळ निघतो. देश, भाषा, काळ वेगळे आहेत. रचना तीच आहे.

कठोर प्रशिक्षणामुळेच सैनिक लढाईत वाचतो, ही बाजू चित्रपट दाखवतात का?

काही दाखवतात, आणि प्रामाणिक लेखकांनी ती टाळलेली नाही. एरिक मारिया रेमार्क यांच्या १९२९ च्या कादंबरीवरून लुईस माइलस्टोन यांनी १९३० मध्ये जो ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ काढला, त्यात हिमेलस्टॉस हा गावातला पोस्टमन सैनिकी गणवेश चढवताच ओळखीच्या मुलांना चिखलात लोळवू लागतो. मुले त्याचा सूडही घेतात. पण कादंबरीतला निवेदक पुढे कबूल करतो की त्या दिवसांनी आम्हाला निबर, संशयी आणि निर्दय केले, आणि ते नसते तर खंदकात आमच्यातले बहुतेक जण वेडे झाले असते. हे वाक्य पचवायला जड आहे. प्रशिक्षणाविरुद्ध बोलणाऱ्याने ते टाळून पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

दुसरी बाजू संशोधनाची आहे. अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ साली असे मांडले की दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष चकमकीत जेमतेम चतुर्थांश सैनिकांनीच शस्त्र चालवले. त्यांच्या पद्धतीवर पुढे अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले, पण त्या चर्चेतून सराव बदलला. गोल चकत्यांच्या जागी माणसाच्या आकृतीची निशाणे आली, ती अचानक उभी राहू लागली आणि गोळी लागताच पडू लागली. विचार करण्याआधी बोट चाप ओढेल, हा हेतू त्यामागे होता. दुसऱ्याला मारण्याची माणसाची नैसर्गिक नाखुशी ही तेथे दूर करायची अडचण मानली जाते.

मग मधला मार्ग आहे का? ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये काजीकडे नव्या रंगरुटांचे प्रशिक्षण येते. तो त्यांना एकही थप्पड न मारता शिकवतो आणि जुन्या सैनिकांपासून वेगळे ठेवतो. त्याची किंमत म्हणून त्या जुन्या सैनिकांचा मार तो स्वतः रोज खातो. त्याची मुले वाईट सैनिक होतात असे चित्रपट म्हणत नाही.

आपल्या हिंदी चित्रपटांत ही बाजू का दिसत नाही?

कमी दिसते, हे खरे आहे. ‘लक्ष्य’ (२००४) मध्ये नायक डेहराडूनच्या अकादमीतून शिक्षेला कंटाळून पळतो, मग लाजेने परत येतो आणि तीच शिक्षा मुकाट्याने पूर्ण करतो. तेथे प्रशिक्षण भरकटलेल्या मुलाला घडवते, मोडत नाही. आपल्या बहुतेक चित्रपटांचा सूर हाच आहे, आणि घरची परिस्थिती बदलण्यासाठी गणवेश हवा असलेल्या आमच्या भागातल्या मुलांना तो आपला वाटतो, यात नवल नाही.

अपवाद म्हणून मी नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘प्रहार’ (१९९१) चे नाव घेतो. मेजर चव्हाण हा त्यातला कमांडो प्रशिक्षक निर्दय आहे, आणि चित्रपट त्याच्यावर प्रेमही करतो. त्याच्या हाताखाली तयार झालेला पीटर एका कारवाईत पाय गमावतो, घरी परततो, आणि आपल्याच वस्तीत हप्ता मागणाऱ्या गुंडांकडून मारला जातो. मेजर शहरात येतो, सूड घेतो, आणि त्याची जागा शेवटी वेड्यांच्या इस्पितळात ठरते. सैनिकाला ज्या साच्यात ओतले, तो साचा गावात, गल्लीत बसत नाही, ही गोष्ट या चित्रपटाने पाहिली होती. तिच्यावरचा त्याचा उपाय मला मान्य नाही, कारण तो सगळ्या समाजालाच बराकीत घालू पाहतो. पण प्रश्न खरा आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानच कायम होणार असल्याने, परतणाऱ्या तरुणाचा हा विषय आता घराघरांत येणार आहे.

हे चित्रपट अतिरंजित नसतात का?

नाट्यासाठी प्रसंग दाटून आणलेले असतात. तरी फ्रेडरिक वाइझमन यांचा ‘बेसिक ट्रेनिंग’ (१९७१) हा माहितीपट पाहावा. फोर्ट नॉक्स येथे चित्रित झालेल्या या माहितीपटात निवेदन नाही, संगीत नाही, अभिनेते नाहीत. कवायतीत ज्याचे पाय जुळत नाहीत असा एक रंगरूट त्यात आहे, आणि त्याच्याशी सगळे ज्या थकलेल्या सभ्यतेने वागतात ती हार्टमनच्या आरडाओरड्यापेक्षा अधिक काळ मनात राहते.

पॅरिस आयलंडवरच ८ एप्रिल १९५६ च्या रात्री एका प्रशिक्षकाने शिस्त लावण्यासाठी आपली पलटण भरतीच्या पाण्याच्या खाडीत उतरवली आणि सहा रंगरूट बुडाले. त्याच्यावर लष्करी खटला चालला. पुढच्याच वर्षी मरीन दलाच्या सहकार्याने ‘द डी. आय.’ हा कडक पण मनाने चांगल्या प्रशिक्षकाचा चित्रपट आला. तेव्हा अतिरंजन फक्त टीका करणाऱ्यांकडूनच होते, असे समजू नये.

हे चित्रपट पाहून मुले घाबरण्याऐवजी उलट उत्साहित का होतात?

कारण कॅमेऱ्याला ताकद सुंदर दिसते. एका तालात पडणारी पावले, एका आवाजात दिलेली घोषणा, घामाने चमकणारे खांदे हे सगळे टीका म्हणून दाखवले तरी डोळ्यांना आवडते. सॅम मेंडिस यांच्या ‘जारहेड’ (२००५) मध्ये आखाती युद्धावर निघालेले मरीन व्हिएतनामवरचा एक प्रसिद्ध युद्धविरोधी चित्रपट पाहत आहेत, आणि गावावर हेलिकॉप्टरमधून गोळीबार होतो त्या दृश्याला ते शिट्ट्या, टाळ्या वाजवतात. ज्या अँथनी स्वॉफर्ड यांच्या आठवणींवर हा चित्रपट आधारलेला आहे, त्यांनी तर लिहूनच ठेवले आहे की दिग्दर्शकाचा हेतू काहीही असो, तरुण सैनिकाच्या नजरेत असे सगळे चित्रपट युद्धाच्या बाजूचेच होतात. आमच्या सभागृहातही मी हे पाहिले आहे, आणि म्हणूनच चित्रपटानंतरची चर्चा मी कधी गाळत नाही.

भारतीय सैन्यातही असेच चालते का?

परदेशी चित्रपटावरून हा निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे ‘रगडा’, म्हणजे शिक्षा म्हणून करवून घेतलेली अंगमेहनत, असतो, हे प्रत्येक जवान सांगतो. कायदा मात्र स्पष्ट आहे. सेना अधिनियम १९५० च्या कलम ४७ नुसार हाताखालच्या माणसावर बळाचा गुन्हेगारी वापर करणे किंवा त्याला वाईट वागवणे हा अपराध असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पारोळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आमच्या चर्चेला येत असत. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला मोलाची वाटते : त्यांचे उस्ताद फ्रंट रोल (कोलांट्या) घालायला लावताना रंगरुटाला त्याच्या नावाने आणि गावाच्या नावाने हाक मारत.

मुलगा पहिल्या रजेवर आला आणि परका वाटतो. चित्रपटांत दाखवतात तसे काही झाले असेल का?

हा प्रश्न आया विचारतात, सभागृह रिकामे झाल्यावर, हळू आवाजात. मी चुलतभावाच्या घरचे सांगतो. त्यांचा मुलगा प्रशिक्षण संपवून आला, तेव्हा आईने कळण्याची भाकरी आणि भरीत केले होते. दुसरी भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत त्याचे जेवण आटोपले होते, आणि ताट घासून पालथे घातलेले होते. वडील खोलीत आले की तो उभा राहायचा. वहिनी मला म्हणाल्या, “मना पोऱ्या आते कमी बोलस.”

हे सवयीचे बदल आहेत. ते बहुधा काही दिवसांत सैल होतात आणि त्यांना घाबरण्याचे कारण नाही. चौथ्या दिवशी मात्र तो चुलीपाशी बसून आपणहून बोलला. त्याच्या बराकीत दुसऱ्या राज्यातला एक मुलगा होता, ज्याला दोर चढता येत नसे. त्याच्यामुळे सगळ्यांना दोनदा शिक्षा झाली. कोणी त्याला मारले नाही. पण आठवडाभर त्याच्याशी कोणी बोलले नाही, आणि याचा पलंग शेजारी असूनही हाही बोलला नाही. रात्री तो रडत असे, तेव्हा याने कूस बदलली होती. हे सांगताना तो आईकडे पाहत नव्हता, चुलीतले लाकूड उगाच पुढे सारत होता. त्याने ‘फुल मेटल जॅकेट’ पाहिलेला नव्हता.

म्हणून आयांना माझे सांगणे इतकेच असते की ‘तुला मारले का, शिव्या दिल्या का’ एवढेच विचारू नका. बराकीत कोण एकटा पडला होता, हेही विचारा, आणि उत्तर आले तर मध्येच समजूत घालू नका. मुलगा झोपत नसेल, जीव द्यावासा वाटतो असे बोलत असेल, तर मात्र वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

यांतला कोणता चित्रपट आधी पाहावा आणि कोणत्या वयात?

भाषा आणि आत्महत्येची दृश्ये लक्षात घेता ‘फुल मेटल जॅकेट’ अठरा वर्षांखालील मुलांना दाखवू नये. आम्ही दाखवत नाही. त्यांच्यासाठी १९३० चा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ योग्य आहे. मोठ्यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’चा निदान दुसरा भाग तरी एका बैठकीत पाहावा. ‘फुल मेटल जॅकेट’ लावतो तेव्हा साबणाच्या दृश्यानंतर मी पाच मिनिटे पडदा थांबवतो आणि दिवे लावतो. त्या पाच मिनिटांत मी काही बोलत नाही. ज्यांना बोलायचे असते तेच बोलतात.